गाव उठलं, गाव उठवलं

मुळशी धरणाच्या पाण्याखाली गावं आहेत. मुळा आणि नीला या नद्यांच्या खोऱ्यात भातखाचरं होती, देवळं होती, पिढ्यान्‌पिढ्यांची घरं होती. टाटा कंपनीनं वीजनिर्मितीसाठी इथं धरण बांधायला घेतलं, तेव्हा ५०हून अधिक गावांवर पाणी फिरणार हे स्पष्ट झालं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रही मावळे बांधकामाच्या जागेवर गेले आणि त्यांनी काम बंद पाडलं. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट यांच्यासारखी माणसं या लढ्यात उतरली. बापटांच्या नावामागं ‘सेनापती’ लागलं ते इथंच. ‘जान किंवा जमीन’ ही लढ्याची घोषणा होती. १९२४पर्यंत लढा चालला आणि मग मोडला. १९२७ साली धरण पूर्ण झालं आणि मावळातलं पाणी डोंगरापलीकडं, भिऱ्याच्या वीजकेंद्राकडं वळलं. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला आणि तो जगातला पहिला धरणविरोधी लढा असल्याचं मांडलं.

धरणात गेलेल्या गावाबद्दल मराठी माणूस कसं बोलतो? सरकारी कागदावर ‘विस्थापन’ असतं, ‘पुनर्वसन’ असतं. बोलण्यात मात्र साधं क्रियापद येतं. गाव उठलं. धरणानं गाव उठवलं.

आता जवळजवळ साडेचोवीसशे वर्षं मागं जाऊ. थ्युसिडिडीज या अथेन्सच्या इतिहासकारानं अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या मोठ्या युद्धाचा इतिहास लिहिला. युद्धाच्या पहिल्याच उन्हाळ्यात, इ. स. पू. ४३१मध्ये, अथेन्सनं समोरच्या एजिना बेटावरची वस्ती बायकामुलांसकट बाहेर काढली. हे युद्ध पेटायला तुम्हीच कारण, असा ठपका त्यांच्यावर होता. शिवाय हे बेट शत्रूच्या किनाऱ्याला फार जवळ होतं. हा प्रसंग सांगताना थ्युसिडिडीजनं वाक्याच्या आरंभीच एक क्रियापद ठेवलं आहे : ‘अनेस्तेसन’. त्याचा शब्दशः अर्थ ‘त्यांनी उठवलं’. एजिनाकरांना अथेन्सकरांनी उठवलं.

एजिनाचं बेट आणि मुळशीचं खोरं यांच्यात समुद्र आहे, वाळवंटं आहेत, हजारो वर्षांचं अंतर आहे. तरीही माणसांना त्यांच्या जागेवरून हुसकावण्याच्या कृतीला दोन्हीकडं एकच क्रियापद मिळालं. असं साम्य दिसलं की भाषाविज्ञान तीन प्रश्न विचारतं. एका भाषेनं दुसरीकडून शब्द उसना घेतला का? दोघींना तो एकाच पूर्वज भाषेकडून मिळाला का? की दोघी स्वतंत्रपणे त्याच जागी पोहोचल्या? उत्तर शोधायचं तर हे क्रियापद सुटं करून पाहावं लागतं.

हिस्तेमी आणि तिष्ठामि

ग्रीक कोशात हे क्रियापद ‘अनिस्तेमी’ या रूपाखाली सापडतं. त्याचे दोन भाग आहेत. ‘अना’ म्हणजे वर. ‘हिस्तेमी’ म्हणजे उभं करणं. ‘अना’मधला शेवटचा स्वर पुढच्या स्वराला भेटताना गळतो आणि ‘अनिस्तेमी’ तयार होतं.

‘हिस्तेमी’ हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण त्यावरची ध्वनींची पुटं काढली की ओळखीचा चेहरा दिसू लागतो. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा जुना ‘स’ स्वरापूर्वी ‘ह’ झाला. संस्कृत ‘सप्त’ला ग्रीक ‘हेप्ता’. सात बाजूंच्या आकृतीला हेप्टागॉन म्हणतात ते त्यावरूनच. म्हणजे ‘हिस्तेमी’च्या आधी ‘सिस्तेमी’ होतं. शिवाय अथेन्सच्या बोलीत जुन्या दीर्घ ‘आ’चा ‘ए’ झाला. आईला संस्कृतमध्ये ‘माता’, ग्रीसच्या डोरिक बोलीत ‘मातेर’, अथेन्सच्या बोलीत ‘मेतेर’. हा बदल उलटवला की ‘सिस्तामी’ हाती येतं. त्यातला ‘सि’ ही धातूची द्विरुक्ती आहे. देणे या अर्थाच्या ग्रीक ‘दिदोमी’त आणि संस्कृत ‘ददामि’तही अशीच द्विरुक्ती आहे. ती बाजूला काढल्यावर उरतो तो धातू ‘स्ता’. संस्कृतात तोच ‘स्था’, आणि त्याचंही रूप द्विरुक्तीनंच होतं : तिष्ठामि.

हे साम्य कानाला जाणवतं म्हणून कुणी मान्य करत नाही. ‘स’चा ‘ह’ आणि ‘आ’चा ‘ए’ हे बदल शेकडो शब्दांत त्याच नियमानं होतात, म्हणून ते पुरावा ठरतात. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं, असं जाहीरपणे मांडलं. १८१६ साली फ्रान्झ बॉप यांनी या भाषांमधली क्रियापदांची रूपं एकमेकांसमोर ठेवून ते दाखवून दिलं. या शास्त्राचा पाया क्रियापदांवर उभा राहिला हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नामं व्यापाऱ्यांबरोबर गावोगाव फिरतात. क्रियापदाची रूपावली सहसा कुणी उसनी घेत नाही.

जोड कुठं दिसतो

संयुक्त क्रियापदाचे भाग कितीही घट्ट जुळले तरी प्राचीन ग्रीक आणि संस्कृत या दोन्ही भाषांत जोड उघडा पडण्याची एक जागा आहे, ती म्हणजे भूतकाळ. दोन्ही भाषा भूतकाळी रूपाच्या आधी एक ऱ्हस्व स्वर लावतात. संस्कृतात तो ‘अ’, ग्रीकमध्ये ‘ए’. हा स्वर पूर्ण शब्दाच्या आधी येत नाही. उपसर्ग आणि धातू यांच्यामध्ये शिरतो. जुन्या गोधडीवर टाक्यावरून जोड ओळखता येतो, तसा इथं एका स्वरावरून जोड ओळखता येतो.

‘तो उठला’ याला ग्रीकमध्ये ‘अनेस्ते’ : अन्, ए, स्ते. संस्कृतात ‘उदस्थात्’ : उद्, अ, स्थात्. दोन्ही शब्द शेजारी मांडून पाहावेत. शेवटचा ‘त्’ ग्रीकमध्ये गळला, कारण ग्रीक शब्द ‘त्’वर संपत नाही. उपसर्ग सोडला तर बाकीचा सगळा सांगाडा, स्वर, धातू आणि प्रत्ययाची जागा, सारखा आहे. दोन भाषांना एकाच घरातून मिळालेली ही गोष्ट आहे.

आणखी जुन्या काळात गेलं तर हे भाग जोडलेलेही नव्हते. होमरच्या इलियडमध्ये ‘अना’ अनेकदा क्रियापदापासून दूर, मध्ये दोनचार शब्द टाकून येतो. काही ठिकाणी तर क्रियापदाची गरजच पडत नाही. सहाव्या सर्गात लढाई टाळून महालात बसलेल्या आपल्या भावाला, पॅरिसला, हेक्टर नुसतं ‘अना’ म्हणतो आणि त्याचा अर्थ होतो ‘ऊठ!’ ऋग्वेदात हेच घडतं. दुसऱ्या मंडलातल्या ३८व्या सूक्तात सवितृदेव उगवतो त्याचं वर्णन आहे. तिथं ‘उद्’ अगदी आरंभी येतो आणि ‘अस्थात्’ अर्ध्या ऋचेच्या शेवटी. मधले सगळे शब्द ओलांडून ऐकणारा दोघांची गाठ घालतो.

आपल्याकडच्या वैयाकरणांनी हा बदल नेमका हेरला होता. उपसर्ग धातूच्या आधी येतात हा नियम सांगून पाणिनी लगेच दोन छोटी सूत्रं देतो : वेदात ते नंतरही येतात आणि मध्ये अंतर ठेवूनही येतात. भाषा काळाबरोबर बदलते याची ही लेखी नोंदच आहे. त्याच्याही आधीचा एक वाद यास्कानं ‘निरुक्ता’त टिपून ठेवला आहे. उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो का? शाकटायन म्हणतो, सुटा असताना नसतो. तो फक्त नाम आणि क्रियापद यांचा अर्थ उजळतो. गार्ग्य म्हणतो, असतो, आणि नाना प्रकारचा असतो. हेक्टरच्या तोंडचा नुसता ‘अना’ ऐकला तर गार्ग्याचं पटतं. शाकटायनाचं पटवून घ्यायला मात्र मराठीत यावं लागतं.

मराठीत विरघळलेले उपसर्ग

‘उठणे’ या क्रियापदात उपसर्ग आहे, हे मराठी बोलणाऱ्या कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. तो आहे. उद् आणि स्था एकत्र आले की ‘स’ टिकत नाही. पाणिनीनं यासाठी वेगळं सूत्रच दिलं आहे. म्हणून ‘उत्थान’ होतं. प्राकृतात त्याचं ‘उट्ठ’ झालं. पुढं मराठीनं जोडव्यंजन सोडून दिलं आणि आधीचा स्वर लांबवला. हस्त, हत्थ, हात. तसंच उट्ठ आणि ऊठ. जोड पुरता बुजला. आता ‘उ’ वेगळा काढला तर हाती उरणाऱ्या ‘ठ’ला मराठीत काहीही अर्थ नाही.

मावळातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात असे विरघळलेले उपसर्ग जागोजाग भेटतात. ‘नेणे’मध्ये ‘नी’ हा धातू आहे. त्याला ‘आ’ लागला की ‘आणणे’. एक क्रियापद घरापासून दूर जातं, दुसरं घराकडं येतं, आणि दोघांत फरक फक्त त्या उपसर्गाचा. ‘पद्’ या धातूला ‘उद्’ लागून उत्पद्यते, प्राकृतात उप्पज्जइ, मराठीत ‘उपजणे’. त्याच धातूला ‘निस्’ लागून निष्पद्यते, आणि मराठीत ‘निपजणे’. पोर उपजतं, भात निपजतो. ‘विकणे’मध्ये वि आणि क्री आहेत. ‘पळणे’मध्ये ‘परा’ आणि जाणे या अर्थाचा ‘इ’ धातू आहे. पलायनमधला ‘ल’ पाणिनीच्या काळीच ‘र’च्या जागी आला होता. ‘बसणे’ तर याहून नवलाचं. उप आणि विश्, उपविशति, प्राकृतात उवइसइ, जुन्या मराठीत ‘बैसणे’, आज ‘बसणे’. या शब्दाकडं पुढं पुन्हा यायचं आहे.

मराठीची ही घडण उलगडण्याचं काम पुण्यामुंबईत दीर्घकाळ चाललं. १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मुंबई विद्यापीठात दिलेल्या विल्सन व्याख्यानांत संस्कृतपासून मराठीपर्यंतची ध्वनींची वाट दाखवली. फ्रेंच विद्वान झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली तो मराठीत आणला. आज एखादा शब्द कुठून आला हे आपण खात्रीनं सांगू शकतो, ते या कष्टांमुळं.

उसना, वारसा की स्वतंत्र शोध?

आता पहिल्या प्रश्नाकडं. ‘गाव उठवणे’ हा अर्थ ग्रीकांकडून आला असेल का? शंका अगदीच निराधार नाही. मुळशीच्या शेजारी, मावळ तालुक्यात कार्ल्याचं चैत्यगृह आहे. तिथल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. पण ते लेख ग्रीकमध्ये नाहीत. ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. या यवनांनी इथली भाषा घेतली. ग्रीकमधून आपल्याकडं आलेले शब्द आहेत, पण ते नाण्यांचे, ज्योतिषाचे, कसबांचे. ‘द्राख्मे’पासून द्रम्म आणि दाम, ‘केन्त्रोन’पासून केंद्र. क्रियापदाचा आतला अर्थ सहसा असा प्रवास करत नाही.

मग वारसा? धातू वारशानं आला, हे वर पाहिलं. उपसर्गांची जोडी मात्र जुळत नाही. ग्रीक ‘अना’ आणि संस्कृत ‘उद्’ यांचं मूळ वेगळं आहे. ‘उद्’चा ग्रीक भाऊ ‘हुस्तेरोस’ म्हणजे ‘नंतरचा’ या शब्दात सापडतो, आणि तो आपल्या ‘उत्तर’शी अक्षरशः जुळतो. दोन्ही भाषांनी धातू तोच ठेवला आणि वर या अर्थाचा आपापला उपसर्ग निवडून त्याला जोडला. वस्ती हलवण्याचा अर्थ त्यानंतर, दोन्हीकडं वेगवेगळ्या काळी उमलला.

म्हणजे तिसरं उत्तर खरं. वेगवेगळ्या माणसांनी तीच वाट का धरली, हे आता पाहायला हवं.

थ्युसिडिडीजनंच त्या वाटेवरचा मधला टप्पा लिहून ठेवला आहे. सायलॉन नावाच्या माणसानं अथेन्सची सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर त्याचे साथीदार देवाच्या वेदीपाशी शरण जाऊन बसले. वेदीपाशी बसलेल्याला हात लावायचा नाही, हा ग्रीकांचा धर्म. पहारेकऱ्यांनी काही इजा करणार नाही असं सांगून त्यांना उठवलं आणि बाहेर नेऊन मारलं. इथंही क्रियापद तेच, ‘अनिस्तेमी’. शरीरानं बसलेली माणसं शरीरानं उठली, पण उठताक्षणी त्यांचा आसरा गेला. वर होणं आणि जागा गमावणं या दोन गोष्टी एका क्षणात एकत्र आल्या.

मराठीत ही सरमिसळ रोज घडते. पंगत उठते, बाजार उठतो, मैफल उठते. ठिय्या देऊन बसलेल्यांना पोलीस उठवतात. यातल्या प्रत्येक वाक्यात वर होणं मागं पडलंय आणि जागा सोडणं पुढं आलंय. एक पाऊल पुढं गेलं की माणूस आयुष्यातून उठतो. तिथं तर शरीराची हालचाल उरलेलीच नाही. १९८० साली जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी मांडलं की आपले अमूर्त विचार शरीराच्या साध्या अनुभवांवर उभे असतात. बसणं, उठणं, उभं राहणं हे अनुभव ग्रीक शेतकऱ्याला आणि मावळातल्या शेतकऱ्याला सारखेच. स्थिर जगणं म्हणजे बसणं. म्हणून धंद्याचं बस्तान बसतं, संसाराची घडी बसते, नवी पेठ बसवली जाते. बसलेलं मोडायचं तर उठवावं लागतं.

आता ‘बसणे’कडं परत येऊ. त्यातला ‘विश्’ हा धातू आणि ग्रीकमधला घर या अर्थाचा ‘ओइकोस’ यांचं मूळ एकच. इकॉलॉजी आणि इकॉनॉमी या शब्दांच्या सुरुवातीला तोच ओइकोस आहे. एजिनाकरांना उठवल्यावर अथेन्सनं त्या बेटावर आपले लोक नेऊन बसवले. त्यांच्यासाठी थ्युसिडिडीज जो शब्द वापरतो तो याच ओइकोसपासून बनला आहे. उठवणं आणि बसवणं ही मराठी जोडी आणि तिची ग्रीक जोडी, दोन्हींच्या मुळाशी तेच दोन धातू आहेत.

अनास्तासिस

‘अनिस्तेमी’पासून नाम होतं ‘अनास्तासिस’. एजिनाकरांना उठवलं त्याच उन्हाळ्यात अथेन्सचा नेता पेरिक्लीज याच्या सल्ल्यावरून अथेन्सच्या भोवतालच्या खेड्यांतली माणसं तटबंदीच्या आत राहायला आली. शत्रू शेतं जाळणार होता. त्यांनी बायकामुलं आणली, घरातलं सामान आणलं, घरांचं लाकूडकामसुद्धा काढून आणलं. गुरंमेंढरं जवळच्या बेटांवर पाठवली. थ्युसिडिडीज सांगतो की हे सगळं त्यांना फार जड गेलं, कारण बहुतेकांचं आयुष्य रानाशेतातच गेलं होतं. या जड गेलेल्या गोष्टीला तो ‘अनास्तासिस’ म्हणतो. धरणग्रस्ताच्या घरातल्या कुणालाही या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

हाच शब्द पुढं ख्रिस्ती धर्मग्रंथात मेलेल्यातून उठण्यासाठी आला. त्याची सोयही होमरमध्ये होती. मेलेल्या हेक्टरच्या शोकात बुडालेल्या त्याच्या म्हाताऱ्या बापाला, प्रायमला, अकिलीस सांगतो की रडून तू त्याला उठवू शकणार नाहीस. तिथं हेच क्रियापद आहे. आजही ग्रीक ईस्टरला एकमेकांना भेटताना ‘अनेस्ती’ म्हणतात. त्यांचा ‘ए’ आता ‘ई’सारखा ऐकू येतो, पण तो वरचाच ‘अनेस्ते’. मराठी बायबलमध्ये यासाठी ‘पुनरुत्थान’ हा शब्द आहे : पुनर्, उद्, स्था. मुळशीत सत्याग्रह चालू होता त्याच सुमारास, पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक समोर ठेवून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झालं. लहानपणापासून संस्कृत मुखोद्गत असलेल्या या विदुषीसमोर ग्रीक क्रियापदं आली, तेव्हा तिष्ठामि आणि हिस्तेमी यांचं नातं तिच्याइतकं जवळून पाहू शकणारी माणसं देशात थोडीच असतील.

या धातूची पिलावळ आजच्या विज्ञानातही वावरते. ‘एकत्र’ या अर्थाचा ‘सिन’ लागून सिस्टिम, आणि आपल्याकडं सम् लागून संस्था. बदलाचा अर्थ देणारा ‘मेटा’ लागून मेटास्टॅसिस. कॅन्सरच्या पेशींनी मूळ जागा सोडून दुसरीकडं ठाण मांडणं. आपली अवस्था, प्रतिष्ठा, निष्ठा, आस्था, व्यवस्था, अनुष्ठान ही सगळी ‘स्था’चीच लेकरं. उपसर्ग बदलला की उभं राहण्याची दिशा बदलते, आणि दिशेबरोबर अर्थ.

एक ‘व’

सुरुवातीच्या ‘अनेस्तेसन’कडं पुन्हा बारकाईनं पाहायला हवं. ग्रीकमध्ये या क्रियापदाचे दोन भूतकाळ होते. ‘अनेस्तेसे’ म्हणजे त्यानं उठवलं. ‘अनेस्ते’ म्हणजे तो उठला. एकवचनात फरक स्वच्छ आहे. अनेकवचनात मात्र दोन्ही रूपं एकच होतात : अनेस्तेसन. त्यांनी उठवलं, किंवा ते उठले. थ्युसिडिडीजचं वाक्य वाचू लागलं की पहिल्या शब्दावर वाचक थबकतो. पुढं ‘एजिनाकरांना’ हे कर्म येतं तेव्हा कळतं की इथं कुणी आपणहून उठलेलं नाही.

मराठीत हा घोटाळा होत नाही, कारण मराठीकडं ‘व’ आहे. ‘स्था’चं प्रयोजक रूप करताना संस्कृतनं मध्ये ‘प’ घातला : स्थापयति, उत्थापयति. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘प’ मऊ होऊन ‘व’ झाला : उट्ठावेइ. तोच मराठीत ‘उठवणे’. मग हा ‘व’ इतर क्रियापदांनाही लागला आणि करवणे, पळवणे, बसवणे अशी रांग लागली. सरकारी ‘विस्थापन’मधला ‘प’ आणि गावकऱ्याच्या ‘उठवलं’मधला ‘व’ हे एकच अक्षर आहे. एक पोथीतून आलं, दुसरं तोंडातोंडी.

शिवाय मराठीनं आता उलट्या बाजूनं नवी जोडणी सुरू केली आहे. पुढचा उपसर्ग विरून गेला, तेव्हा तिनं मागं मदतनीस क्रियापदं जोडायला घेतली : देऊन टाकणे, पडून राहणे, निघून जाणे. आणि जे ‘उठणे’ स्वतः जोडातून जन्मलं, तेच आता मदतनीस झालं. माणूस पेटून उठतो, खवळून उठतो, रान बहरून उठतं. इथं ‘उठणे’ वर होण्याचं सांगत नाही. काहीतरी एकाएकी सुरू झालं एवढंच सांगतं. सुटा शब्द, मग जोड, मग विरघळणं, आणि पुन्हा नवा जोड, असं हे चाक फिरत राहतं. ब्लोक यांचे गुरू आंत्वान मेये यांनी स्वतंत्र शब्द असा व्याकरणाच्या कामाला लागण्याच्या प्रक्रियेला १९१२ साली व्याकरणीकरण हे नाव दिलं. मुळशीतल्या बोलण्यात ते आजही चालू आहे.

आता एकाच घटनेची तीन वाक्यं घ्या. ‘विस्थापन झालं.’ इथं कुणी काही केलेलंच नाही. नामानं कर्ता गिळला. ‘गाव उठलं.’ इथं गावच कर्ता आहे, जणू ते स्वतःहून चालतं झालं. ‘गाव उठवलं.’ इथं कुणीतरी उठवलंय हे व्याकरणच सांगतं, आणि ऐकणारा साहजिकच विचारतो : कुणी? एजिनाकरांच्या बाबतीत थ्युसिडिडीजनं उत्तर त्याच वाक्यात दिलं. तो स्वतः अथेन्सचा, तरीही अथेन्सकरांनी, असं त्यानं स्वच्छ लिहिलं. पुढची हकीकतही त्यानं टाळली नाही. स्पार्टानं उठवलेल्यांपैकी अनेकांना थिरिया इथं जमीन दिली. इ. स. पू. ४२४मध्ये अथेन्सनं तेही गाव घेतलं आणि तिथं सापडलेल्या एजिनाकरांना ठार केलं.

महाराष्ट्रात धरणांनी हललेली गावं पुष्कळ आहेत आणि त्यांचा इतिहास बहुतांशी नामांत लिहिला गेला आहे : संपादन, विस्थापन, पुनर्वसन. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे; बोललेलं वाक्य जसंच्या तसं टिपण्याची रीत आपल्याकडं आहे. मुळशी आणि इतर खोऱ्यांतल्या उठलेल्या गावांच्या आठवणी त्याच रीतीनं, क्रियापदांसकट नोंदल्या जायला हव्यात. ‘गाव उठलं’ कुणी म्हटलं आणि ‘गाव उठवलं’ कुणी म्हटलं, हेही त्यात टिपलं जावं. कारण त्या एका ‘व’मध्ये उठवणारा आहे, आणि तो गाळला तर इतिहास अपुरा राहतो.